उष्ण देशांतील हिमशिखरांवर हिवाळा नेमका केव्हा असतो?

आडवाट (प्रश्न)

विषुववृत्ताजवळचे देश बारा महिने उष्ण असतात, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. तरीही टांझानियातील किलिमांजारो, केनियातील माउंट केनिया आणि इक्वेडोरमधील कोटोपाक्सी या शिखरांची छायाचित्रे पाहिली, की खाली हिरवेगार रान आणि वर पांढरे माथे असे दृश्य दिसते. उंची वाढली की तापमान घटते, हे सूत्र मला ठाऊक आहे. परंतु सूत्र पाठ असणे आणि ते उमजणे यांत अंतर असते, आणि या बाबतीत मी जितका विचार करतो तितक्या माझ्या शंका वाढतात.

एक तर, गरम हवा वर जाते असे आपण म्हणतो. मग वरची हवा थंड कशी? दुसरे असे, की विषुववृत्तावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उंचावर हवा विरळ असल्याने ऊनही अधिक प्रखर लागते. तरी तो बर्फ काही दिवसांतच वितळून का संपत नाही? आणि माझी मुख्य शंका अशी, की जिथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारख्याच लांबीचे असतात, तिथे हिवाळा म्हणायचे कशाला? हिम कोणत्या महिन्यांत पडते? की हा प्रश्नच चुकीचा आहे?

जाणकारांनी कारणांसह उत्तरे द्यावीत, ही विनंती. केवळ आकडे नकोत.

वायुभारमापक

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावरच उभे आहे. सूर्यप्रकाशाचा मोठा भाग हवेला फारसे न तापवता तिच्यातून आरपार जातो आणि जमीन व समुद्र यांना तापवतो. हवा तापते ती मुख्यतः खालून, या तापलेल्या पृष्ठभागाकडून. चूल खाली आहे, आणि शिखर चुलीपासून दूर आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरावर असताना त्याच्या पाच-सहा किलोमीटर जवळ गेल्याने काहीही फरक पडत नाही, हे ओघाने आलेच.

गरम हवा वर जाते हे खरे, पण वर जाताना ती गरम राहत नाही. उंचावर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते, त्या प्रसरणासाठी स्वतःजवळचीच ऊर्जा खर्च करते आणि थंड होत जाते. सायकलच्या ट्यूबमधून जोराने सुटणारी हवा हाताला गार लागते, तिचे कारणही हेच. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. दमट हवेत ढग बनताना बाष्पातील अप्रकट उष्मा मोकळा होतो, म्हणून ती त्याहून सावकाश थंड होते. जगभराची सरासरी साधारण ६.५ अंश धरतात, परंतु उष्ण कटिबंधातील दमट हवेला साडेपाचच्या आसपासचा आकडा अधिक लागू पडतो. समुद्रसपाटीवर २७ अंश असतील, तर या हिशेबाने शून्य अंशाची पातळी ४,९०० मीटरच्या जवळ येते, आणि प्रत्यक्ष मोजमापांतही ती ४,८०० ते ५,००० मीटरच्या दरम्यानच सापडते. किलिमांजारो ५,८९५ मीटर, माउंट केनिया ५,१९९ मीटर आणि इक्वेडोरमधील चिंबोराझो ६,२६३ मीटर उंच आहे. म्हणजे या शिखरांचे माथे मुळातच गोठणाऱ्या हवेत आहेत, मग खाली कोणताही महिना चालू असो.

आता उन्हाविषयी. ताजे हिम त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. जो थोडा उरतो, त्यातलाही बराचसा भाग उंचावरच्या कोरड्या हवेत वितळवण्याच्या कामी येत नाही. तो हिमाचे थेट बाष्प करण्यात, म्हणजे संप्लवनात, खर्ची पडतो. एक किलो बर्फ वितळवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेआठ पट उष्णता त्याच बर्फाचे थेट बाष्प करायला लागते. म्हणून कोरड्या हवेतला बर्फ प्रखर उन्हातही चिवटपणे टिकतो. याउलट हवा दमट झाली, ढग आले आणि हिम जुने व धुळकट झाले, की तोच बर्फ भराभर वितळू लागतो. ऊन हे बर्फाचे एकमेव शत्रू नव्हे, आणि ढग नेहमीच त्याचे मित्र नव्हेत.

रुक्षपठार

वरील गणित बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. केवळ तापमानावर सगळे ठरत असते, तर हिमरेषा, म्हणजे ज्या पातळीच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती रेषा, विषुववृत्तावर सर्वांत उंच असायला हवी होती आणि ध्रुवांकडे जाताना ती एकसारखी उतरत जायला हवी होती. प्रत्यक्षात तसे होत नाही. ती सर्वांत उंच असते ती विषुववृत्तापासून वीस-तीस अंश दूर, वाळवंटांच्या पट्ट्यात.

अँडीज पर्वतरांग या दृष्टीने फार बोलकी आहे, कारण ती उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि एकाच रांगेत सगळी अक्षवृत्ते तपासता येतात. इक्वेडोरमध्ये, अगदी विषुववृत्तावर, पाच हजार मीटरच्या आसपास कायमचा बर्फ सापडतो. कायांबे या ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर तर विषुववृत्ताची रेषा सुमारे ४,६९० मीटर उंचीवरून जाते आणि पृथ्वीवरील विषुववृत्ताचा सर्वांत उंच बिंदू म्हणून ती जागा ओळखली जाते. तिथून दक्षिणेकडे अटाकामाच्या वाळवंटाशेजारी आलो, की चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर ६,७३९ मीटर उंचीचा युयाइयाको हा ज्वालामुखी लागतो. तो चिंबोराझोपेक्षा उंच आहे, विषुववृत्तापासून दूर आहे आणि अधिक थंडही आहे. तरी त्याच्यावर हिमनदी नाही, केवळ बर्फाचे तुरळक पट्टे आहेत. तिथे थंडी मुबलक आहे, पण गोठण्यासाठी पाणीच येत नाही.

याचे कारण हवेच्या मोठ्या अभिसरणात आहे. विषुववृत्तावर तापून वर चढलेली दमट हवा तिथेच आपले पाणी सोडते आणि कोरडी होऊन वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. जगातील बहुतेक मोठी वाळवंटे याच पट्ट्यात आहेत, आणि तिथल्या पर्वतांच्या माथ्यावरही तोच दुष्काळ असतो. हिमालयातही हाच नियम एका बाजूने दिसतो: दक्षिणेकडील उतारांवर ऊन अधिक पडते, तरी हिमरेषा खाली असते, आणि तिबेटकडील कोरड्या बाजूस ती वर सरकते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला ते उलटेच छापले गेले आहे असे वाटले होते.

अशा कोरड्या, उंच बर्फात संप्लवनामुळे आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. बर्फाचा पृष्ठभाग सपाट न राहता त्यावर उभ्या, टोकदार पात्यांची शेते तयार होतात. खळग्यांत प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन तिथला बर्फ लवकर झिजतो, तर टोके कोरड्या वाऱ्यात थंड राहून टिकतात. यांना स्पॅनिश नावावरून पेनिटेंटेस म्हणतात, आणि १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी अँडीज ओलांडताना त्यांची नोंद केली होती.

गवतफूल

मूळ प्रश्नातील तिसरी शंका मागे पडत चालली आहे, म्हणून तिच्याकडे वळते. विषुववृत्ताजवळ जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी तापमानात एक-दोन अंशांचाच फरक असतो. परंतु उंच पर्वतावर एकाच दिवसातील दुपार आणि पहाट यांच्यात त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे दिवसा ऊन थेट पोहोचते आणि रात्री जमिनीची उष्णता तितक्याच सहज निसटून जाते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोव्ह हेडबर्ग यांनी पूर्व आफ्रिकेतील या पर्वतांचे वर्णन करताना म्हटले होते, की तिथे दर दिवशी उन्हाळा असतो आणि दर रात्री हिवाळा. आपण हिवाळा शोधताना महिने मोजत आहात. तो घड्याळात शोधायला हवा.

याची साक्ष तिथल्या वनस्पती देतात. समशीतोष्ण प्रदेशातील झाड थंडी जवळ आली की पाने गाळून काही महिने झोपी जाते. इथे दर रात्री गोठण येते, म्हणून झोपायला सवड नाही. किलिमांजारो आणि माउंट केनियावर वाढणारे डेंड्रोसेनेसिओ हे अवाढव्य झाड आपली वाळलेली पाने गाळतच नाही. ती खोडाभोवती जाड गोधडीसारखी लपेटून राहतात आणि खोडातील पाणी गोठू देत नाहीत. त्याच्या शेंड्यावरील पानांचा झुबका संध्याकाळी मिटतो आणि मधल्या कोंबाला झाकतो. तिथली राक्षसी लोबेलिया आणखी पुढची युक्ती करते: ती आपल्या पानांच्या पेल्यात पाणी साठवते, रात्री त्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते, आणि पाणी गोठताना सुटणाऱ्या उष्णतेमुळे खालचा कोंब शून्याच्या फारसा खाली जात नाही. अँडीजमधील एस्पेलेटिया ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतीही वाळकी पाने अशीच पांघरून उभी असते. दोन खंडांमध्ये एकाच थंडीने जवळजवळ एकच वेश शिवला आहे, हे मला या विषयातील सर्वांत सुंदर सत्य वाटते.

जमिनीचीही तीच गत आहे. ओलसर मातीतून रात्री बर्फाच्या बारीक सुया उगवतात, वरचे खडे आणि रोपांची मुळे उचलतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन येताच सगळे कोसळते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. म्हणून त्या उतारांवर लहान रोपे तग धरत नाहीत.

आता हिम पडण्याविषयी. ते थंडीच्या नव्हे, तर पावसाच्या ऋतूत पडते. टांझानियात साधारण मार्च ते मे हा दीर्घ पावसाचा काळ आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास लहान पावसाचा काळ असतो. खाली पाऊस पडतो, तेव्हाच वर हिम पडते. पेरू आणि बोलिव्हियात तर अशी गंमत आहे, की पंचांगाप्रमाणे जून ते ऑगस्ट हा त्यांचा हिवाळा असतो, पण तो कोरडा आणि निरभ्र असतो. शिखरांवर हिमाची भर पडते ती डिसेंबर ते मार्च या उन्हाळ्याच्या महिन्यांत. इक्वेडोर आणि कोलंबियातील लोक पावसाळ्यालाच स्पॅनिशमध्ये हिवाळा म्हणतात. तेव्हा आपला प्रश्न चुकीचा नाही. त्या देशांनी हिवाळा या शब्दाचा अर्थच बदलून घेतला आहे.

आडवाट

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. घड्याळातील हिवाळ्याची कल्पना मला कधीच सुचली नसती. एक उपशंका उरते. मोरोक्को, लेबनॉन, हवाई बेटे हेही उष्ण समजले जाणारे प्रदेश आहेत आणि तिथेही बर्फ पडल्याची छायाचित्रे दिसतात. त्यांनाही हेच लागू होते का?

रुक्षपठार

नाही, आणि हा भेद स्पष्ट केलेला बरा. ते प्रदेश विषुववृत्तापासून पुरेसे दूर आहेत, त्यामुळे त्यांना आपल्या ओळखीचा, महिन्यांत मोजता येणारा हिवाळा आहे. थंडीच्या दिवसांत मध्य अक्षवृत्तांवरून पूर्वेकडे सरकणारी वादळे दक्षिणेकडे झुकतात आणि समुद्रावरील ओलावा घेऊन या पर्वतांना धडकतात. मोरोक्कोतील ॲटलास पर्वतात इफ्रान येथे ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश तापमानाची नोंद झाली. आफ्रिका खंडातील ते आजही सर्वांत नीचांकी नोंदलेले तापमान आहे. किलिमांजारोच्या नव्हे, तर १,६०० मीटरच्या आसपास वसलेल्या एका गावाच्या नावावर हा विक्रम आहे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण थंड हवेची लाट उत्तरेकडून येते आणि ती विषुववृत्तापर्यंत पोहोचत नाही. लेबनॉन या नावाचे मूळ तर पांढरेपणा दर्शवणाऱ्या सेमिटिक (अरबी, हिब्रू इत्यादी भाषांच्या कुळातील) शब्दधातूत असल्याचे मानतात.

हवाईतील मौना केआ ४,२०७ मीटर उंच आहे. हिवाळी वादळात त्याचा माथा पांढरा होतो आणि बहुधा काही दिवसांत पुन्हा काळा पडतो, कारण तो शून्य अंशाच्या पातळीच्या थोडा खालीच आहे. हिमयुगात मात्र त्याच्यावर हिमनद्या होत्या, आणि त्यांनी ओढून आणलेल्या दगडमातीचे ढीग अजूनही तिथे दिसतात.

हिमालयात दोन्ही प्रकार एकाच रांगेत भेटतात. पश्चिमेकडे हिमाची मोठी भर हिवाळ्यातील पश्चिमी झंझावातांमुळे पडते, तर पूर्वेकडे ती पावसाळ्यात, मोसमी वाऱ्यांमुळे पडते.

जुनी पाने

विज्ञानात भर घालण्याची माझी पात्रता नाही. परंतु प्रश्नकर्त्याला जी शंका आली, तीच युरोपातील विद्वानांना फार मोठ्या आवेशाने आली होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. डच दर्यावर्दी यान कार्स्टेन्स यांना १६२३ मध्ये न्यू गिनीच्या किनाऱ्यावरून, हवा निरभ्र असताना, दूरवर हिमाच्छादित शिखर दिसले. विषुववृत्ताजवळ हिम पाहिल्याचे त्यांनी कळवल्यावर मायदेशी त्यांची थट्टा झाली. आज पुंचाक जया म्हणून ओळखले जाणारे ४,८८४ मीटरचे ते शिखर कार्स्टेन्स पिरॅमिड या नावानेही प्रसिद्ध आहे.

किलिमांजारोची कथा त्याहून कडवट आहे. योहानेस रेबमन या जर्मन मिशनऱ्याने ११ मे १८४८ रोजी दुरून त्याचा पांढरा माथा पाहिला. प्रथम त्यांना तो ढग वाटला. सोबतच्या वाटाड्याने मात्र त्या पांढऱ्या वस्तूला सरळ ‘बारिदी’, म्हणजे थंडी, असे म्हटले, आणि तेवढ्या एका शब्दावरून रेबमन यांना तो हिम असल्याची खात्री पटली. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी योहान क्राप्फ यांनी माउंट केनियावरही हिम पाहिले. लंडनमध्ये बसून आफ्रिकेचा भूगोल लिहिणारे विल्यम डेस्बरो कूली यांनी हे सारे भ्रम ठरवले, आणि बराच काळ त्यांचेच म्हणणे ग्राह्य मानले गेले. जर्मन प्रवासी क्लाउस फॉन डेर डेकेन १८६२ मध्ये सुमारे ४,३०० मीटरपर्यंत चढले आणि त्यांच्या अंगावर प्रत्यक्ष हिम पडले, तेव्हा वादातील हवा गेली. शिखर गाठायला मात्र १८८९ साल उजाडले. त्या ऑक्टोबरमध्ये हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर तिथे पोहोचले.

कूली यांच्याकडे तर्क होता आणि वाटाड्याकडे शब्द होता. पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो पांढरा पदार्थ काय आहे, हे कोणी सिद्ध करून दाखवण्याची गरज कधीच नव्हती.

माघारी

मी या विषयात नवखी आहे, पण एक विचारते. हे सगळे बर्फ आता तापमानवाढीने संपत आले आहे ना? मग ही चर्चा थोड्याच वर्षांत इतिहासाची होणार, असे समजायचे का?

वायुभारमापक

आपले म्हणणे बहुतांशी खरे आहे, परंतु प्रत्येक पर्वताचे कारण वेगळे आहे, आणि तो वेगळेपणा वर झालेल्या चर्चेतूनच समजतो.

विषुववृत्तीय हिमनदीला उन्हाळ्यानंतर सावरायला हिवाळा मिळत नाही. तिचे खालचे टोक बाराही महिने वितळत असते, आणि वरून पडणाऱ्या हिमाने ती तूट भरून निघते तोवरच ती टिकते. उत्पन्न आणि खर्च रोजच्या रोज जुळवावा लागणाऱ्या घरासारखी तिची स्थिती असते. म्हणून थोडासा बदलही तिच्यात लगेच दिसतो. उष्ण कटिबंधातील हिमनद्यांचे ९९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र अँडीजमध्ये आहे आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या पेरूत आहे. बोलिव्हियातील चाकाल्ताया ही हिमनदी, जिच्यावर एके काळी जगातील सर्वांत उंच स्की-मैदान होते, २००९ मध्ये पूर्ण नाहीशी झाली. व्हेनेझुएलातील शेवटची हिमनदी इतकी आक्रसली, की २०२४ मध्ये तिला हिमनदी म्हणणेही सोडून देण्यात आले.

किलिमांजारोवर १९१२ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होता आणि २०११ पर्यंत तो दोन चौरस किलोमीटरच्याही खाली आला होता. परंतु त्याच्या माथ्यावरील सरासरी तापमान उणे सात अंशांच्या आसपास असते, म्हणजे हवा तिथे बर्फ वितळवण्याइतकी उबदार झालेलीच नाही. म्हणूनच त्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजमापे करणाऱ्या अभ्यासकांपैकी अनेकांचे मत असे आहे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील हवा कोरडी झाली, हिमाची भर कमी पडू लागली आणि उभ्या बर्फाच्या भिंती उन्हाने व संप्लवनाने झिजत गेल्या. समुद्राच्या तापण्यामुळे पावसाच्या वाटा बदलल्या असल्यास तापमानवाढीचा हात त्यात आडवाटेने येतोच. पण ‘हवा तापली, बर्फ वितळला’ इतके सरळ ते नाही.

पुंचाक जयाचे नेमके उलटे आहे. तिथे हवा कधीच कोरडी नव्हती आणि पाण्याची वानवाही नाही. ते शिखर शून्य अंशाच्या पातळीलाच टेकलेले आहे, त्यामुळे ती पातळी शे-दीडशे मीटर वर सरकली, की पूर्वी जे हिम म्हणून पडत असे तेच पाऊस म्हणून बर्फावर पडते. पावसाने बर्फ झिजतो आणि त्याचा पांढरेपणाही जातो. मग तो अधिक ऊन शोषतो. हिमनदी-अभ्यासक लॉनी थॉम्प्सन यांच्या पथकाने २०१० मध्ये तिथे बर्फाचे उभे गाभे, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेले लांब दंडगोल, अभ्यासासाठी काढून आणले. त्या बर्फाचा जो थोडा भाग अजून शिल्लक आहे, तो दर वर्षी अधिक पातळ होत आहे.